मलेरियाची अँटिबॉडी मोजायची कशी? बेळगाव सीमाभागातल्या नव्या संशोधकांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुलं-मुली आता मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, एमएलटी करून संशोधनाकडे वळायला लागली आहेत. शहरात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आहे, बिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, आयसीएमआरची पारंपरिक वैद्यकावरची राष्ट्रीय संस्था आहे, भूतरामनहट्टीला राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. मलेरियाच्या अँटिबॉडीवरचा प्रोजेक्ट हाती आला की पहिल्याच आठवड्यात एलायझाचं किट फोडायची घाई होते. हा लेख किट फोडण्याआधी वाचायचा आहे. एलायझा म्हणजे काय, पिपेट कसं धरायचं, हे तुम्हाला येतं असं मी धरून चालतो.

आधी प्रश्न ठरवा

दोन प्रश्न वेगळे आहेत आणि नवखा माणूस ते हमखास एक करतो. पहिला: या माणसाला कधीतरी मलेरियाचा संसर्ग होऊन गेला आहे का? दुसरा: याच्या रक्तातली अँटिबॉडी मलेरियाच्या परजीवीला खरोखर रोखते का? पहिल्याला अँटिबॉडी आहे की नाही, किती आहे, एवढं कळलं तरी पुरतं. दुसऱ्यासाठी ती काय काम करते ते बघावं लागतं, आणि ती प्रयोगशाळा, ती मेहनत, तो खर्च सगळंच निराळं आहे.

अँटिबॉडी मलेरियाला आवर घालते याबद्दल वाद नाही. १९६१ साली कोहेन, मॅग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी गांबियातल्या प्रौढांच्या रक्तातलं गॅमा ग्लोब्युलिन (अँटिबॉडी असलेला भाग) शुद्ध करून मलेरियानं आजारी असलेल्या लहान मुलांना टोचलं, तेव्हा मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्यानं घटले. पुढे १९९१ मध्ये आफ्रिकेतल्या प्रौढांची आयजीजी (रक्तातल्या अँटिबॉडीचा मुख्य प्रकार) थायलंडमधल्या रुग्णांना देऊन तसाच परिणाम दिसला. वाद आहे तो पुढचा: कुठल्या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी, किती प्रमाणात, कुठल्या मार्गानं? हिपॅटायटिस बी मध्ये मिलीलिटरला १० मिली आंतरराष्ट्रीय एकक हा आकडा संरक्षणाची रेघ म्हणून सगळे मानतात. मलेरियात निसर्गतः आलेल्या प्रतिकारशक्तीसाठी अशी एकही रेघ नाही. म्हणून कुणी 'टायटर (अँटिबॉडीचं प्रमाण) चांगला आहे, म्हणजे हा माणूस सुरक्षित' असं म्हणालं, तर कुठल्या चाचणीवरून म्हणतोस, हे विचारा.

आता आपला मुलूख. मुंबई प्रांताच्या काळात कानडा आणि धारवाड जिल्हे मलेरियासाठी कुप्रसिद्ध होते. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ पासून घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारणीचे मोठे प्रयोग केले ते याच दोन जिल्ह्यांत. आज बेळगाव जिल्ह्यात मलेरिया तुरळक आहे. देशाचं उद्दिष्ट २०२७ पर्यंत स्थानिक लागण शून्यावर आणायचं आणि २०३० पर्यंत निर्मूलनाचं आहे. पण खानापूर तालुक्यातली माणसं चोर्ला घाट उतरून गोव्यात बांधकामावर जातात, कुणी मंगळूरला जातं, आणि ताप घेऊन परत येतात. अशा ठिकाणी लोकसंख्येत संसर्ग किती फिरतो आहे, कुठे फिरतो आहे, हे शोधायला अँटिबॉडीचं सर्वेक्षण फार कामाचं, कारण रक्तकाच (काचेवरचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघायची) तपासणीत सापडणारे रुग्ण मूठभर असतात. उलट संरक्षणाचा अभ्यास इथल्या नमुन्यांवर करायचा हट्ट धरू नका. त्यासाठी वर्षानुवर्षं डास चावून घेतलेली लोकसंख्या लागते, ती ओडिशा, छत्तीसगडच्या जंगलपट्ट्यात किंवा आफ्रिकेत मिळेल. प्रोजेक्टचं शीर्षक लिहितानाच हे ठरलं तर पुढचं वर्ष वाचतं.

परवानगी आणि संमती

संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी येईपर्यंत एक थेंबही रक्त घेता येत नाही. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून काढा. संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हीत हवं, आणि ते कायद्याच्या भाषेत नको. जांबोटी, कणकुंबीकडे गेलात की ओसरीवर बसलेले मामा पहिला प्रश्न हाच करणार: "ताप न्हाई, काय न्हाई, आन् रक्त कशाला घेतायसा?" याचं सरळ उत्तर संमतीपत्रात असायला हवं: पूर्वी कधी मलेरिया होऊन गेला का, याच्या खुणा गावातल्या किती जणांत आहेत ते बघायचं आहे, तुम्हाला आज मलेरिया आहे का हे या तपासणीतून कळणार नाही. आशाताईंना आधी सगळं समजावून सांगा. त्यांना पटलं तर गावाला पटतं.

प्रश्नावलीत एक प्रश्न नक्की घाला: गेल्या वर्षभरात रात्रीचा मुक्काम कुठे कुठे केलात? 'बाहेरगावी गेला होतात का' असं विचारलं तर रोज गोव्याला जाऊन-येऊन करणारा 'न्हाई' म्हणतो. मलेरियाचा ॲनोफिलीस डास मुख्यतः रात्री चावतो, तेव्हा मुक्काम महत्त्वाचा. मलेरियाची गोळी अलीकडे घेतली होती का, हेही विचारा. त्याचं कारण पुढे येईल.

रक्त कोणत्या नळीत

इथली चूक पुढे कशानंच दुरुस्त होत नाही, म्हणून सावकाश वाचा.

फक्त एलायझा करायची असेल तर सीरम चालतं, ईडीटीए प्लाझ्मा चालतो, फिल्टर पेपरवरचा वाळवलेला थेंबही चालतो. पण पुढे कधी परजीवीवर काम करायचा विचार असेल तर साध्या लाल टोपीच्या नळीतून सीरमच घ्या. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे कॉम्प्लिमेंटची (अँटिबॉडीला मदत करणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांची) चाचणी कोलमडते आणि परजीवीची वाढही खुंटते. हिपॅरिन त्याहून फसवं, कारण ते स्वतःच मेरोझोइटला, म्हणजे परजीवीच्या तांबड्या पेशीत शिरणाऱ्या रूपाला, आत शिरू देत नाही. हिपॅरिनच्या नळीतला प्लाझ्मा शुद्ध न करता वाढ-रोध चाचणीत (अँटिबॉडी परजीवीची वाढ किती रोखते ते मोजणारी, पुढे येईल) घातला तर अँटिबॉडी भलतीच जोरदार आहे असं दिसेल, आणि ते सगळं हिपॅरिनचं काम असेल.

नमुना टिकवायला सोडियम अझाइड घालायची जुनी सवय काही ठिकाणी आहे. अझाइड एलायझात रंग आणणाऱ्या एचआरपी एन्झाइमला मारतं, म्हणजे एलायझाचा रंगच येत नाही. पेशींवरच्या चाचण्यांत ते परजीवीलाही मारतं. थेंब पेपरवरून सोडवायच्या द्रावणात अगदी थोडं असलं तर नंतरच्या धुण्यात निघून जातं, पण कॉन्ज्युगेटच्या (एचआरपी जोडलेल्या अँटिबॉडीच्या) बाटलीच्या जवळपास ते येऊ देऊ नका.

फिल्टर पेपर, म्हणजे व्हॉटमन ३, हा डोंगरातल्या वाड्यावस्त्यांसाठी उत्तम उपाय. बोट टोचायचं, पेपर आरपार भिजेल असा थेंब घ्यायचा, वाळवायचं, सिलिका जेलच्या पुडीसकट झिपच्या पिशवीत बंद करायचं. पण आषाढात कणकुंबीला पेपर वाळतच नाही, आणि दमट राहिलेल्या पेपरवर बुरशी येते, अँटिबॉडी जाते. जमलं तर सर्वेक्षण पावसाळा सरल्यावर, कार्तिकाच्या सुमारास करा. पावसाळ्यातली लागण तोवर अँटिबॉडीत उमटलेलीही असते. पावसातच जायचं असेल तर थेंब बंद खोलीत, पंख्याखाली रात्रभर वाळवा आणि निळी सिलिका गुलाबी झाली की पुडी बदला. काही लोकांचं शिरेतलं सीरम आणि पेपरवरचा थेंब असे दोन्ही घेऊन जुळतात का ते एकदा पडताळा.

सीरम वेगळं केल्यावर लहान लहान भाग करून ठेवा, म्हणजे एकच नळी दहा वेळा वितळवावी लागणार नाही. उणे २० अंशावर महिने निघतात, वर्षांसाठी उणे ८० हवं. वीज जाणं इथे नवलाचं नाही; डीप फ्रीझरला जनरेटरची जोड आहे का आणि रविवारी तो कोण बघतं, हे नमुने आणण्याआधी विचारा. नमुन्यात एचआयव्ही, हिपॅटायटिस बी असू शकतो असं धरूनच हाताळा. हिपॅटायटिस बी ची लस घेतली नसेल तर आधी ती घ्या.

अँटिजेन कुठलं

परजीवी शरीरात रूपं बदलतो आणि प्रत्येक रूपाची प्रथिनं वेगळी. डासातून आलेल्या स्पोरोझोइटवर सीएसपी असतं. तांबड्या पेशी फोडून बाहेर पडणाऱ्या मेरोझोइटवर एमएसपी-१, एमएसपी-२, एमएसपी-३, एएमए-१, आरएच-५ अशी रांग आहे. बाधित तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर पीएफईएमपी-१ नावाचं सतत वेष बदलणारं कुटुंब असतं.

सर्वेक्षणासाठी सुरुवात एमएसपी-१ च्या १९ किलोडाल्टनच्या तुकड्यानं आणि एएमए-१ नं करा. दोन्हींना प्रतिसाद जोरात येतो आणि बराच काळ टिकतो. फाल्सिपेरम आणि वायवॅक्स या मलेरियाच्या दोन परजीवी जातींचे वेगवेगळे घ्यायचे, एकावर दुसऱ्याचं अनुमान काढायचं नाही. एमएसपी-२ घेतलंत तर त्याचे ३डी७ आणि एफसी-२७ हे दोन्ही प्रकार घ्या, नाहीतर निम्मे लोक उगाच निगेटिव्ह दिसतील.

प्रथिनाला जोडलेल्या शेपटाकडे लक्ष द्या. पुष्कळ प्रथिनं जीएसटी नावाचं दुसरं प्रथिन जोडून ई. कोलाय या जिवाणूत बनवतात. काही लोकांच्या रक्तात जीएसटी विरुद्ध किंवा ई. कोलायविरुद्ध अँटिबॉडी असते. म्हणून नुसत्या जीएसटीच्या वेल प्रत्येक प्लेटवर ठेवायच्या आणि त्यांचं वाचन वजा करायचं.

एलायझा, पायरीपायरीनं

रुग्णांचे नमुने वापरण्याआधी चेकरबोर्ड करा: एका बाजूला अँटिजेनची वेगवेगळी प्रमाणं, दुसऱ्या बाजूला माहितीतल्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह सीरमची विरलनं. दोघांत सर्वांत जास्त अंतर जिथे पडतं ते प्रमाण तुमचं. दुसऱ्याच्या पेपरमधला आकडा जसाच्या तसा उचलू नका. प्रथिनाचा लॉट बदलला तरी तो बदलतो.

पहिला दिवस, संध्याकाळ. ९६ वेलची जास्त बांधणारी प्लेट घ्या. अँटिजेन पीबीएसमध्ये किंवा ९.६ पीएचच्या कार्बोनेट बफरमध्ये मिलीलिटरला साधारण ०.५ ते २ मायक्रोग्रॅम असं करून प्रत्येक वेलमध्ये ५० किंवा १०० मायक्रोलिटर. चिकटपट्टीनं झाकून ४ अंशावर रात्रभर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ०.०५ टक्के ट्वीन-२० घातलेल्या पीबीएसनं तीन वेळा धुवा. प्लेट टिश्यू पेपरवर उलटी करून चांगली आपटा. वेलमध्ये उरलेला थेंबच बहुतेक वेळा वाचन बिघडवतो. मग ब्लॉकिंग: १ टक्का केसीन किंवा ५ टक्के स्किम मिल्क पावडर, २०० मायक्रोलिटर, एक ते दोन तास. डेअरीचं दूध चालणार नाही, त्यात चरबी असते.

पुन्हा धुवा. सीरम १:२०० ते १:१००० च्या दरम्यान, चेकरबोर्डनं जे ठरलं असेल तसं, ब्लॉकिंगच्याच द्रावणात विरल करा. प्रत्येक नमुना दोन वेलमध्ये. एक ते दोन तास. इथे एक काळजी: गुंजीचे सगळे नमुने एका प्लेटवर आणि नंदगडचे दुसऱ्या प्लेटवर, असं लावू नका. प्लेटमधला फरक मग गावांमधला फरक म्हणून छापला जातो. चिठ्ठ्या टाकल्यासारखे मिसळून लावा.

धुवा. एचआरपी जोडलेली, मानवी आयजीजीविरुद्धची शेळीतली अँटिबॉडी घाला, एक तास ठेवा. या वेळी धुणं आणखी सढळ, चार-पाच वेळा. मग टीएमबी (रंग आणणारं द्रावण), अंधारात, १० ते १५ मिनिटं. आम्ल घालून थांबवा, ४५० नॅनोमीटरवर लगेच वाचा.

टीएमबीच्या वेळेबद्दल थोडं. डिसेंबरातल्या सकाळी बेळगावची प्रयोगशाळा आणि एप्रिलातली दुपार यांत रंग चढायचा वेग एक नसतो. एसीनं तापमान धरा, टीएमबी आधी खोलीच्या तापमानाला आणा, आणि ज्या क्रमानं घातलं त्याच क्रमानं आम्ल घाला. 'रंग बरा दिसतोय' म्हणून एखाद्या प्लेटला दोन मिनिटं जास्त दिली की ती प्लेट बाकीच्यांशी जुळत नाही.

प्रत्येक प्लेटवर न चुकता: रिकाम्या वेल, निगेटिव्ह सीरम, आणि एकाच पॉझिटिव्ह मिश्रणाची दुपटी-दुपटीनं विरल केलेली रांग. या रांगेवरून चार घटकांचा लॉजिस्टिक वक्र बसवतात आणि नमुन्याचं वाचन एककांत बदलतात. फाल्सिपेरमसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं संदर्भ सीरम आहे, क्रमांक १०/१९८. तुमचं स्थानिक मिश्रण एकदा त्याच्याशी जोडून घेतलंत तर तुमचे आकडे दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात. दोन वेलमध्ये २० टक्क्यांहून जास्त तफावत पडली तर नमुना पुन्हा लावा. वाचन वक्राच्या माथ्याला भिडलं असेल तर आणखी विरल करून लावा. तिथला आकडा अंदाजपंचे असतो.

आकड्यांचं करायचं काय

पॉझिटिव्ह कुणाला म्हणायचं? पाठ्यपुस्तकी रीत अशी की कधीच मलेरिया न झालेल्या लोकांची सरासरी काढायची, तिच्यात प्रमाणित विचलनाची तिप्पट मिळवायची, त्याच्या वर ते पॉझिटिव्ह. रीत सोपी, पण 'कधीच न झालेले' आपल्याकडे आणायचे कुठून? बेळगावच्या रक्तपेढीतला दाता शहरी दिसतो, पण तो गोव्यातल्या साइटवर दोन वर्षं राहून आलेला असू शकतो, किंवा लहानपणी लोंढ्याला मामाकडे वाढलेला असू शकतो. असे लोक निगेटिव्ह गटात घुसले की रेघ वर सरकते आणि खरे पॉझिटिव्ह खाली राहतात. म्हणून मलेरिया नसलेल्या देशातल्या दात्यांचं सीरम मिळवा. तेही अगदी निर्दोष नाही, पण स्थानिकपेक्षा बरं. दुसरा मार्ग आकडेशास्त्राचा: सगळ्या नमुन्यांचं वितरण दोन टेकड्यांचं आहे असं मानून मिश्र प्रारूप बसवायचं. मात्र पॉझिटिव्ह फारच थोडे असतील तर दुसरी टेकडी दिसतच नाही.

कमी मलेरियाच्या भागातला खरा सापळा पुढे आहे. हिशेब करून बघा. १००० माणसांपैकी १० जणांना खरोखर संसर्ग होऊन गेला आहे. तुमची चाचणी त्यातले ९० टक्के पकडते, म्हणजे ९. आणि ती ९८ टक्के विशिष्ट आहे, म्हणजे उरलेल्या ९९० पैकी २ टक्के, जवळजवळ २०, उगाचच पॉझिटिव्ह. हातात २९ पॉझिटिव्ह, त्यातले २० खोटे. ९८ टक्के ऐकायला झकास वाटतं, पण खानापुरात त्याचा अर्थ हा. उपाय म्हणजे दोन वेगळ्या अँटिजेनना दोन्हीकडे पॉझिटिव्ह असेल तरच मोजायचं, आणि अहवालात ते लपवायचं नाही.

वयाचा तक्ता काढायला विसरू नका. माझ्या मते सर्वेक्षणातली सर्वांत बोलकी गोष्ट तीच. साठीच्या लोकांत अँटिबॉडी आणि शाळकरी मुलांत काहीच नाही, तर तो जुन्या मलेरियाचा अवशेष. कधी घाट न उतरलेल्या दहा वर्षांच्या आतल्या मुलांत सापडली, तर त्याच गावात अलीकडे लागण झाली असण्याचा संशय घ्यायचा आणि आरोग्य खात्याला कळवायचं. वयाबरोबर पॉझिटिव्हचं प्रमाण कसं चढतं यावरून दरवर्षी किती जण नव्यानं पॉझिटिव्ह होतात हा वेग काढता येतो. एक वर्षाच्या आतली बाळं या हिशेबात धरू नका. त्यांच्यात आईची अँटिबॉडी असते.

आयएफए आणि मणी

आयएफए ही जुनी पद्धत. परजीवी असलेल्या पेशी काचेवर ॲसिटोननं स्थिर करायच्या, सीरम घालायचं, चमकणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीनं सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. सबंध परजीवी मूळ घडणीत असतो हा फायदा. बघणाऱ्याच्या डोळ्यावर सगळं अवलंबून हा तोटा. शंकास्पद नमुन्यांसाठी ठेवा.

लुमिनेक्समध्ये रंगसंकेत असलेल्या चुंबकीय मण्यांवर वेगवेगळी अँटिजेन चढवतात आणि सीरमच्या एका मायक्रोलिटरमधून वीस-वीस उत्तरं एकदम मिळतात. यंत्र महाग आहे. पण नमुना बोटाच्या टोकाचा असेल आणि अँटिजेन बरीच असतील तर याला पर्याय नाही. प्रत्येक रंगाचे किती मणी मोजले गेले ते तपासा. पन्नासाच्या खाली गेले तर तो आकडा वापरू नका.

अँटिबॉडी काम करते का

वाढ-रोध चाचणी म्हणजे जीआयए. फाल्सिपेरम काचपात्रात सतत वाढवता येतो हे ट्रेगर आणि जेन्सन यांनी १९७६ मध्ये दाखवलं, त्यावर हे सगळं उभं आहे. आरपीएमआय-१६४० माध्यम, अल्ब्युमॅक्स (सीरमऐवजी घालायचं प्रथिन), ओ गटाच्या तांबड्या पेशी, ३७ अंश, आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, ५ टक्के ऑक्सिजन, बाकी नायट्रोजन. परजीवी एका वयाचे हवेत. त्यासाठी ५ टक्के सॉर्बिटॉल वापरतात: मोठ्या परजीवीची पेशी सॉर्बिटॉल आत घेऊन फुटते, कोवळी रिंग, म्हणजे परजीवीचं लहान रूप, उरते. ही रीत १९७९ ची आणि अजून रोजच्या वापरात आहे.

मोठ्या वयाचे परजीवी साधारण ०.३ टक्के बाधा आणि २ टक्के हिमॅटोक्रिट (तांबड्या पेशींचा वाटा) अशा प्रमाणात ९६ वेलमध्ये घालतात, शुद्ध केलेली आयजीजी घालतात, आणि ४० तासांच्या आसपास, म्हणजे परजीवी एकदा पेशी फोडून नव्या पेशीत शिरेपर्यंत, ठेवतात. मग परजीवीच्या लॅक्टेट डिहायड्रोजिनेजवरून किंवा डीएनए रंगवून फ्लो सायटोमीटरवर वाढ मोजतात. नुसत्या तांबड्या पेशींचं वाचन दोन्हीकडून वजा करायचं, अँटिबॉडीच्या वेलला अँटिबॉडी नसलेल्या वेलनं भागायचं, आलेला अंश एकातून वजा करून शंभरनं गुणायचं: ही रोधाची टक्केवारी.

फसवणुकीच्या जागा तीन. एक, औषध. क्लोरोक्विन रक्तात आठवडेच्या आठवडे राहतं आणि अँटिबॉडीचं सोंग घेऊन परजीवी मारतं. म्हणून प्रश्नावलीत गोळीबद्दल विचारायचं, आणि सीरम डायलिसिस करून किंवा आयजीजी वेगळी काढूनच वापरायचं. दोन, रक्तगट. दात्याच्या सीरममधली तांबड्या पेशींविरुद्धची अँटिबॉडी आधी निरोगी पेशींवर शोषून काढायची. तीन, शुद्धीकरणाचा स्तंभ. प्रोटीन-ए मानवी आयजीजी-३ ला नीट धरत नाही, प्रोटीन-जी धरतं. मलेरियात आयजीजी-१ आणि आयजीजी-३ हेच मोलाचे उपप्रकार, तेव्हा प्रोटीन-ए वापरलंत तर जे बघायचं तेच सिंकमध्ये जाईल.

आणि तरीही जीआयएचं उत्तर अपुरं असतं. एमएसपी-३ विरुद्धची अँटिबॉडी जीआयएमध्ये एकटी जवळजवळ निष्प्रभ दिसते. तिच्याबरोबर मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी दिल्या की परजीवीची वाढ थांबते. १९९० च्या सुमारास पुढे आलेली एडीसीआय चाचणी नेमकी हेच मोजते. आरएच-५ चं उलट आहे: तिची अँटिबॉडी कुणाच्या मदतीशिवाय मेरोझोइटला दारातच अडवते, म्हणून जीआयएमध्ये ती उठून दिसते. एकाच चाचणीवर 'उपयोगाची' आणि 'बिनकामाची' असे शिक्के मारायचे नाहीत ते यासाठी.

मदतनीसांसह मोजायच्या आणखी दोन चाचण्या सुरुवातीला झेपण्यासारख्या आहेत. पेशीभक्षणाच्या चाचणीत रंगवलेले मेरोझोइट किंवा अँटिजेन चढवलेले मणी सीरमनं माखून टीएचपी-१ (प्रयोगशाळेत वाढवलेल्या, मोनोसाइटसारख्या) पेशींपुढे टाकतात आणि किती गिळले ते फ्लो सायटोमीटरवर बघतात. कॉम्प्लिमेंटची चाचणी तर एलायझाचीच बहीण: सीरम ५६ अंशावर ३० मिनिटं ठेवून त्यातलं स्वतःचं कॉम्प्लिमेंट निकामी करायचं, मग बाहेरून शुद्ध सी१क्यू (कॉम्प्लिमेंटमधलं एक प्रथिन) घालून ते किती चिकटलं ते मोजायचं. केनियातल्या मुलांत पेशीभक्षणाचा आणि पापुआ न्यू गिनीतल्या मुलांत कॉम्प्लिमेंट बांधण्याचा संरक्षणाशी संबंध दिसला आहे. आपल्या भागातल्या कुणाला कार्यात्मक चाचणीत हात घालायचाच असेल तर मी सी१क्यूपासून सुरुवात करायला सांगेन. परजीवी वाढवायचा पसारा लागत नाही.

वायवॅक्सची अडचण

वायवॅक्स फाल्सिपेरमसारखा काचपात्रात सतत वाढत नाही. त्याला कोवळ्या तांबड्या पेशी, रेटिक्युलोसाइट, लागतात. त्यामुळे इथे जीआयए जवळपास बंदच. पर्याय म्हणजे डफी बांधणी प्रथिनाची चाचणी: वायवॅक्स तांबड्या पेशीवरच्या डफी प्रथिनाला धरून आत शिरतो, ती पकड सीरम किती सोडवतं ते मोजायचं. दुसरा पर्याय, मानवी पेशींत वाढायला शिकवलेला नोलेसी (माकडांच्या मलेरियाचा) परजीवी, ज्यात वायवॅक्सचं प्रथिन बसवलेलं असतं. हे काम मोठ्या प्रयोगशाळांचं.

सर्वेक्षणासाठी मात्र वायवॅक्सकडे एक जबरदस्त साधन आलं आहे. २०२० मध्ये थायलंड, ब्राझील आणि सॉलोमन बेटांवरच्या अभ्यासातून आठ प्रथिनांचा असा संच निघाला की त्यांच्या अँटिबॉडीवरून गेल्या नऊ महिन्यांत संसर्ग झाला होता का, हे सुमारे ८० टक्के अचूकतेनं सांगता येतं. वायवॅक्स यकृतात झोपून राहतो आणि महिन्यांनी उठतो. झोपलेला परजीवी रक्ततपासणीत दिसत नाही. अलीकडे संसर्ग झालेला माणूस ओळखता येणं म्हणजे तो झोपलेला परजीवी कुणाकडे असू शकेल याचा माग लागणं. निर्मूलनाच्या टप्प्यावरच्या जिल्ह्याला हे जास्त उपयोगी, आणि आपल्याकडच्या नव्या प्रोजेक्टनं इकडे बघावं असं मला वाटतं.

लसीची आणि डासाची चाचणी

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी आर-२१ लस, जिला ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस दिली, ती फाल्सिपेरमच्या सीएसपीवर बेतलेली आहे. तिची अँटिबॉडी सीएसपीतल्या एनएएनपी या पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यावर साध्या एलायझानंच मोजतात. संक्रमण रोखणाऱ्या अँटिबॉडीची चाचणी वेगळी: पक्व गॅमिटोसाइट (परजीवीचं डासात जाणारं रूप) आणि सीरम पातळ पडद्यातून ॲनोफिलीस स्टेफेन्सी डासांना पाजायचं आणि आठवड्याभरानं त्यांच्या पोटातल्या ऊसिस्ट (परजीवीच्या गाठी) मोजायच्या. कीटकगृह नसेल तर नुसतं वाचून ठेवा.

निकाल गावात नेताना

प्रत्येकाला वैयक्तिक कागद देणार असाल तर त्यावर 'प्रतिकारशक्ती आहे' हे शब्द येऊ देऊ नका. तो कागद घेऊन माणूस पुढच्या महिन्यात गोव्याला जाईल, ताप आला तरी 'मला होत न्हाई' म्हणून अंगावर काढेल. 'पूर्वीच्या संसर्गाची खूण आढळली' किंवा 'आढळली नाही' एवढंच लिहा, आणि खाली ठळक अक्षरांत मराठी-कन्नडमध्ये: ताप आल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी रक्तकाच किंवा झटपट चाचणी करून घ्या. गावनिहाय तक्ता आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या, त्यात नावं नकोत. मुलांमध्ये पॉझिटिव्ह सापडलेली वाडी मात्र अहवाल छापून येईपर्यंत थांबवून ठेवू नका. आधी फोन करा, मग पत्र पाठवा.